कडी

शलाका दुर्बिणीतून पाहते तेव्हा
तोंड किंचित उघडं ठेवते.
तीन हिवाळे मी हे पाहतोय, पक्ष्यांपेक्षा जास्त.
वहीत याची नोंद नाही.

वही दोघांची. डावं पान तिचं, उजवं माझं.
तिचं अक्षर टिटवीच्या पावलांसारखं,
माझं, तिच्याच शब्दांत, गाळात बसलेली म्हैस.

गेल्या जानेवारीत गोरेवाड्याला
पट्टकादंबांचा थवा उतरला
आणि एकाच्या पायात कडी होती.
चार अक्षरं वाचायला
ती दीड तास पोटावर पडून राहिली,
अंगाखाली चिखल, कोपरात गोखरू.
परतताना म्हणाली,
"कुठंतरी कुणीतरी याला हातात धरलं असेल रे.
मग सोडलं.
सोडायचंच असतं, म्हणून तर कडी."
मी स्कूटर चालवत होतो.
काटोल नाक्यावर पोह्यांवर तर्री जास्त पडली,
डोळ्यांतलं पाणी तिच्यावर ढकललं.

इतवारीतल्या सुताराला लाकडाचं बदक सांगितलं.
तो म्हणाला, पाळण्यावर लावायचंय?
म्हणालो, त्याला अजून वेळ आहे.
चोच थापट्याची, रंग चक्रवाकाचा,
मान कुठल्याच पक्ष्याची नाही.
पायात पितळी कडी,
कडीवर चार अक्षरं: करतेस

प्रश्नचिन्हाला जागा उरली नाही.

सोमाजी मारबते पहाटे तलावात डोंगा घालतात.
त्यांना सगळं समजावलं,
रविवार, साडेसहा, बेटाचं टोक.
"पोरीले इचाराचं हाय त इचार ना बाप्पा,
बदकाले काऊन मधात घेतो?"
मग बिडी विझवून त्यांनी बदक उलटंपालटं केलं.
"अन् हे पान्यात सोडलं
त याचा पाय कोनाले दिसन?"

तीन हिवाळे.
एकशे बेचाळीस जातींची यादी.
आणि पोहणाऱ्या बदकाचे पाय पाण्याखाली असतात
हे मला एका डोंग्याच्या काठावर कळलं.

"राहू दे," ते म्हणाले, "खुंटावर ठोकतो."

रविवारी धुकं.
तलाव नव्हताच, नुसता आवाज होता,
शेकाट्यांचा, आणि माझ्या जॅकेटच्या खिशात
डबीवर आपटणाऱ्या किल्लीचा.
"किल्ली काढ," शलाका म्हणाली, "पक्षी बुजतात."
काढली. डबी राहिली.

सव्वासातला बेट हळूहळू वर आलं.
खुंट दिसला.
खुंटावर बदक,
आणि बदकावर पाणकावळा,
दोन्ही पंख वाळत घातलेला,
कडी पार झाकून.

"पाणकावळा, एक," तिने लिहिलं.
मग थांबली. "याच्याखाली काय आहे रे?"
तोंड किंचित उघडं.

वीस मिनिटं.
पाणकावळ्याला घाई नव्हती.
ती पोटावर पडली. मीही पडलो, शेजारी,
दवाने शर्ट भिजला,
आयुष्यात कधी कुठल्या पक्ष्याचा
इतका राग आला नव्हता.

उडाला. जाता जाता शिटून गेला.

"देवनागरी कडी?" ती पुटपुटली.
"क. र. मग पांढरं काहीतरी. शेवटी स."
परत वाचलं. "कर... स."
आणि तिचं तोंड मिटलं.

डोळा दुर्बिणीवरच.
"कडी कुणी घातली?"
"मी."
"हं."
पलीकडून सोमाजींची हाक आली, "झालं का बाऽऽ?"
कुणीच उत्तर दिलं नाही.

तिने चाचपडत वही ओढली, न बघता लिहिलं.
नंतर वाचलं मी, ओळी एकमेकींवर चढलेल्या:
अनोळखी बदक, लाकडी, एक.
सोबत नर, एक. घाबरलेला.
कडी वाचली.

मग डावा हात माझ्याकडे केला,
बोटं पसरून, चिखलासकट.
"घाल. पण हलू नकोस,"
ती कुजबुजली,
"खुंटावर खंड्या येऊन बसलाय."